निवड होते, पण उमेदवार रुजू होत नाही: कुडाळच्या प्रश्नाला उत्तर

कुडाळजवळच्या आपल्या विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापकांच्या पदांसाठी मुलाखती होतात, निवड होते, मात्र निवडलेला उमेदवार रुजूच होत नाही, असे आपण लिहिले आहे. चिपळूणच्या बाजूला एका महाविद्यालयाच्या आस्थापना विभागात मी हेच दुखणे अनेक वर्षे जवळून पाहिले, म्हणून सविस्तर लिहितो. या पदासाठी बी.ई. आणि एम.ई. यांपैकी एका पदवीत प्रथम श्रेणीची अट, अर्जांची छाननी वगैरे गोष्टी आपल्याला ठाऊक असतीलच.

‘कोकणात कोण येणार?’ असे म्हणून हात झटकणे मला मुळीच पटत नाही. येणारी माणसे आहेत. आपण त्यांना ताटकळत ठेवतो. आमचे सर्वाधिक नुकसान झाले ते जाहिरातीपूर्वी बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे याची नोंदवही, तपासून घेताना. ती तपासणाऱ्या कार्यालयाचे नाव घेत नाही. सगळ्या त्रुटी एकदम कळवण्याची पद्धत तिथे नव्हती. आधी एका शिक्षकाच्या जात वैधता प्रमाणपत्राची प्रत नाही म्हणून नस्ती (फाइल) परत आली. प्रत जोडली, तेव्हा पद रिक्त झाल्याचा दिनांक नाही असा शेरा समासात पेन्सिलीने लिहून आला. तो भरून दिला, तोवर लिपिकाची बदली झाली होती आणि नव्या लिपिकाने पहिल्या पानापासून तपासणी सुरू केली. खुलासा टपालाने पाठवला तर तो आवक नोंदवहीत सापडत नसे, हाती न्यायचा तर महामार्गावर अख्खा दिवस मोडत असे.

परिणामी फेब्रुवारीत निघायची जाहिरात ऑगस्टमध्ये निघाली आणि मुलाखती गणपतीनंतर झाल्या. मूळचा देवगडचा एक अभियंता पुण्याची नोकरी सोडून आईवडिलांजवळ यायला तयार होता. त्याची निवडही झाली. पण नेमणुकीचे पत्र पोहोचेपर्यंत तो कोल्हापूरला रुजू झाला होता. रासायनिक अभियांत्रिकीचे ते पद वर्षभर तासिका तत्त्वावर चालले आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘मास ट्रान्स्फर’ शिकवणारे शिक्षक सत्राच्या मध्यावरच बदलले. याचा जाब त्या कार्यालयाला कोणीही विचारला नाही, याची चीड मला आजही येते.

म्हणून माझा आग्रह असा, की बिंदुनामावलीचे काम दिवाळीपूर्वीच हाती घ्यावे. नस्तीला पृष्ठक्रमांक आणि अनुक्रमणिका असावी, पोच शिक्क्यानिशी घ्यावी आणि ‘सर्व त्रुटी एकत्रित कळवाव्यात’ अशी लेखी विनंती प्राचार्यांच्या सहीने पहिल्याच पत्रात करावी. तोंडी सांगितलेली त्रुटी मान्य करू नये. निवड समितीवरील विद्यापीठ प्रतिनिधींच्या आणि विषयतज्ज्ञांच्या तारखा जाहिरात देतानाच विचारून ठेवाव्यात. कंपनीतून येणाऱ्या उमेदवाराला दोन-तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हेही वेळापत्रकात धरावे. मी कायद्याचा जाणकार नाही. आपल्या विद्यापीठाचे ताजे परिपत्रक पाहूनच पाऊल उचलावे.

वेतनाबाबत माझे मत थोडे कडक आहे. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. आपण ते देणार असाल तर जाहिरातीत आकडा छापावा; ठोक वेतन देणार असाल तर तेही स्पष्ट लिहावे. ‘वेतन नियमाप्रमाणे’ एवढेच वाचून मुलाखतीला आलेला माणूस खरी रक्कम ऐकल्यावर रुजू होत नाही, आणि त्यात त्याचे काहीही चुकत नाही.

आणखी एक वाट आपल्या भागात फारशी वापरली जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून घेता येते. त्याला औपचारिक शैक्षणिक पात्रतेची अट नाही. ही संख्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच ठेवता येते आणि एकूण कालावधी चार वर्षांपलीकडे जात नाही. मात्र या नेमणुका मंजूर पदांच्या बाहेरच्या असतात, त्यामुळे रिक्त पद भरल्याचे त्यांवरून दाखवता येणार नाही. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांतून निवृत्त होऊन गावच्या घरी राहिलेले अभियंते या कामाला उत्तम. त्यांना सकाळचे लागोपाठचे तास द्यावेत, म्हणजे दुपारच्या एस.टी.ने घरी परतता येते.