कडबा असाच महाग राहणार का? दोन म्हशींसाठी आत्ताच भरून ठेवू का?

भरून ठेवा, थांबू नका. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडचा, दारात तीन म्हशी. दोन वर्षांमागं मळणी झाल्या झाल्या पैशाची नड होती म्हणून घरचं सगळं पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, टेम्पोवाल्याला दिलं. मे महिन्यात दुपटीहून जास्त दरानं विकतचं आणलं. ते अजून सलतंय.

दर फार उतरेल असं मला वाटत नाही. कडबा शाळवाचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, आणि अथणी-चिकोडीकडं पाणी पोचलं तिथं शाळू जाऊन ऊस आला. आमच्याकडं भातात हार्वेस्टर फिरला की पिंजर तुटून रानात पसरतं, पेंढी वळत नाही. शिवाय गिऱ्हाईक कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या दोन्ही बाजूला. कोल्हापूरकडच्या गोठेवाल्यानं जास्त दिले की गाडी तिकडं वळते. 2023 च्या दुष्काळात तर कर्नाटक सरकारला चारा राज्याबाहेर न्यायला बंदी घालावी लागली.

पण घेताना दराआधी पेंढी बघा. व्यवहार शेकड्यावर होतो आणि पेंढी वर्षागणिक बारीक होत चाललीय. गंजीतल्या वेगवेगळ्या जागच्या दहा पेंढ्या काट्यावर घाला, किलोला काय पडतं ते काढा, मग दोन विक्रेत्यांची तुलना करा. कडब्याचं ताट (धांडा) वाकवलं की कट्कन मोडलं पाहिजे. ओला कडबा वजनाला जड भरतो आणि पुढं गंजीत बुरशी धरतो.

म्हशीला दिवसाला सहा किलो वाळली वैरण धरली तर दोघींना सहा महिन्यांत साधारण 22 क्विंटल लागेल. बारीक तुकडे, म्हणजे कुट्टी करूनच घाला, नाहीतर जाड बुडखे गव्हाणीतच राहतात. गळीत हंगामात उसाचं वाडं (वरचे हिरवे शेंडे) मिळतं, पण नुसत्या वाड्यावर ठेवू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळं जनावराला कॅल्शियम कमी पडतं, सोबत खनिज मिश्रण द्या.

कडबा परवडत नसेल तर पिंजर घ्या आणि युरिया प्रक्रिया करा. 100 किलो पिंजराला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पुरता विरघळवायचा, थराथरावर शिंपडायचा, तुडवून ताडपत्रीखाली 21 दिवस हवाबंद ठेवायचं. घालण्याआधी पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या रेडकांना ते देऊ नका. आणि युरियाचं पाणी कालवलेली बादली गोठ्याजवळ ठेवू नका, ते पाणी प्यालं तर जनावर दगावतं.