माउस त्यांच्याच हातात राहू दे

पुढच्या रविवारपासून तू नाशिकमधल्या सातपूरच्या कॉम्प्युटरच्या वर्गावर शिकवायला येणार, म्हणून आधीच सांगते. मुलं १३-१४ वर्षांची. मोबाइल सफाईने चालवतात, पण फाइल कुठे सेव्ह झाली विचारलं की गप्प. पहिले दोन तास फोल्डर करणं, नाव देणं, पुन्हा शोधणं एवढंच घे. कंटाळवाणं वाटेल, तरी सोडू नकोस.

मग स्क्रॅच. ठोकळे जोडून प्रोग्राम करायला शिकवणारं, २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटीने आणलेलं हे साधन फुकट आहे. ऑफलाइन आवृत्ती आधी टाकून ठेव, नेट गेलं तरी वर्ग थांबत नाही. उदाहरण मात्र इथलं घे. मी गोदेचा पूर करायला लावते. ‘पाणी’ नावाचा व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा, वाढत जातो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की एक इशारा, कमरेला दुसरा, छातीला तिसरा. पूर मारुतीवरून मोजायचा हे नाशिकच्या पोरांना सांगावं लागत नाही, त्यामुळे ‘जर-तर’ची कंडिशन चटकन डोक्यात शिरते.

एक चूक मी वर्षभर केली. कुणी अडलं की माउस स्वतःच घ्यायचे. काम व्हायचं, पण पोर मागे सरकून बसायचं. तू हात मागे बांध आणि विचार, “काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं?” मग थांब, अगदी मिनिटभर गेलं तरी.

एका मशीनवर दोघं असतील तर दर दहा मिनिटांनी जागा बदलायला लाव. नाहीतर मुली नुसत्या बघत राहतात, हे मी फार उशिरा पाहिलं.

मखमलाबादकडची काही मुलं द्राक्षतोडणीच्या दिवसांत येणार नाहीत. रागावू नकोस. त्यांच्या फाइली जपून ठेव.