फ्रिजवाला झाला तर काय बिघडलं?

प्रश्न : मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. पीसीएमला 68 टक्के, सीईटीला 81 पर्सेंटाइल, म्हणजे चांगलं कॉलेज कठीण. पुण्यातल्या एका संस्थेने हायड्रोजन विमानांच्या ग्राउंड ऑपरेशन्सचा 11 महिन्यांचा डिप्लोमा काढलाय, फी 3 लाख 80 हजार. 2035 पासून ही विमानं उडणार, टँकर-पाइप सगळं आजच्यासारखंच, फक्त इंधन नवं, त्यामुळे पहिल्या बॅचला लगेच नोकरी, असं ते सांगतात. आम्ही एफडी मोडायला तयार आहोत, पण हा ऐकत नाही. सुट्टीभर हडपसरला मामाच्या फ्रिज-एसीच्या दुकानात हात काळे करतो. उद्या फ्रिजवाला होईल या काळजीने आम्हाला झोप लागत नाही. त्याला चार शब्द सांगा. – एक वडील, धायरी

नमस्कार.

68 टक्के आणि 81 पर्सेंटाइल यांत झोप उडावी असं काही नाही. मला खटकलं ते 'हात काळे करतो'. पत्रभर 'आम्ही' आहे. मुलाला काय आवडतं याबद्दल एकच वाक्य आहे आणि तेही तक्रार म्हणून. अठरा वर्षांचा मुलगा ऐन सुट्टीत, कुणी न सांगता, धायरीहून हडपसरला जातो (तो रस्ता पुणेकरांना वेगळा सांगायला नको) आणि दिवसभर काम शिकतो. असं पोर घरात असावं म्हणून लोक नवस बोलतात. दुकान मामाचं, म्हणजे तुमच्या सासरकडचं. त्याचा या रागाशी काही संबंध नसावा असं धरून चालतो.

'एव्हिएशन' हा शब्द लग्नाच्या हॉलमध्ये सांगायला बरा वाटतो, 'रेफ्रिजरेशन' वाटत नाही. खरं दुखणं हे आहे. एफडी मोडून तुम्ही कोर्स घेत नाही, तो शब्द विकत घेताय. आणि कामाच्या हिशेबाने या दोन शब्दांत तुम्ही समजता तेवढं अंतरच नाही.

'सगळं आजच्यासारखंच, फक्त इंधन नवं' हा गैरसमज आधी काढून टाकू. आज जेट ए-1, म्हणजे विमानाचं नेहमीचं इंधन, भरणारा माणूस बाँडिंग केबल (स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणूनची तार) जोडतो, नमुन्यात पाणी नाही ना ते बघतो, पंखाखाली होज लावतो आणि डेडमॅन हँडल (हात सुटला की भरणी थांबवणारं) दाबून धरतो. विमानासाठी हायड्रोजन द्रवरूपात ठेवायचा तर उणे 253 अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. नळीत साधी हवा राहिली तरी ती तिथे गोठते. पाणी तर गोठतंच, नायट्रोजन उणे 210ला आणि ऑक्सिजन उणे 219ला घट्ट होतो. गोठलेल्या ऑक्सिजनचे कण आणि हायड्रोजन एका नळीत आले की स्फोटाचं सामान तयार. म्हणून नळी जोडली की आधी आतली हवा आणि ओल हाकलायची. शेवटचा हात हेलियमचाच लागतो, कारण स्वस्तातला नायट्रोजन आत उरला तर तोच गोठून वाट अडवतो. मग नळी थंड करायची. सुरुवातीचा द्रव कोमट धातूला लागताच उकळतो, त्याची वाफ दुसऱ्या नळीने परत घ्यायची. त्यानंतर खरी भरणी. भरून झालं की उरलेला द्रव काढायचा, जोड पुन्हा तापू द्यायचा, पुन्हा हेलियम, आणि मगच नळी सोडायची. देशांतर्गत फेऱ्या करणारं विमान स्टँडवर पाऊण तास उभं राहिलं तरी कंपनी कुरकुरते. तेवढ्यात हे सगळं बसवायचं आहे.

ही नळी दुहेरी भिंतीची असते आणि दोन भिंतींमध्ये व्हॅक्यूम, थर्मास ताणून लांब केल्यासारखी. व्हॅक्यूम बिघडला की बाहेरच्या भिंतीवर आधी दहिवर धरतं, मग बर्फ. उघड्या थंड धातूवर तर हवाच द्रव होऊन टपकायला लागते. त्या थेंबांत ऑक्सिजन जास्त असतो, कारण तो नायट्रोजनच्या आधी द्रव होतो. असे थेंब डांबरात मुरले आणि वर पाना आपटला तर डांबर स्फोटकासारखं वागतं. म्हणून भरणीच्या जागी काँक्रीट हवं, आणि त्यावर ग्रीसचा डागही नको.

आता मामाच्या दुकानात या. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजांत आर-600ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, जळणारा वायू. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम नीट मारला नाही तर आत राहिलेली ओल कॅपिलरीच्या, म्हणजे गॅसच्या बारीक नळीच्या, तोंडाशी गोठते आणि फ्रिज चोक होतो. घाईतला मेकॅनिक पंप पाच मिनिटं फिरवून गॅस मारतो, आठवड्याने फ्रिज परत येतो. चांगला मेकॅनिक आधी नायट्रोजनने प्रेशर टेस्ट घेतो, जोडांवर साबणाचं पाणी लावून लीकेज काढतो, मग व्हॅक्यूमचा आकडा 500 मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचं माप) खाली जाईपर्यंत पंप चालू ठेवतो. लीकेज शोधा, हवा आणि ओल काढा, मगच भरा : शिस्त तीच, विमानतळावर मध्ये नळी थंड करणं तेवढं वाढतं. विमानतळावर साबणाच्या पाण्याऐवजी हेलियम लीक डिटेक्टर येईल आणि तांब्याच्या ब्रेझिंगऐवजी स्टेनलेस स्टीलचं टिग वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आडोशात विजेने केलेलं). तुमचा मुलगा फुकटात जे शिकतोय त्याला माहितीपत्रकात बहुधा एक ओळही नसेल.

तेवढ्यावर भागतं असंही नाही, हे त्यालाही कळू द्या. एलपीजी किंवा आर-600ए गळला की खाली बसतो. हायड्रोजन वर पळतो, पण द्रवातून नुकतीच निघालेली थंड वाफ काही वेळ जमिनीलगत सरपटते, म्हणून सेन्सर छताशीही लागतात आणि खालीही. हवेत तो 4 ते 75 टक्के असला तरी पेटतो, आणि पेटायला अंगावरच्या स्थिर विजेची ठिणगीसुद्धा पुरते. एलपीजीत मिसळतात तसा वास यात मिसळता येत नाही, कारण या थंडीत तो वासाचा पदार्थही गोठतो. भर दिवसा ज्वाळा जवळपास दिसतच नाही. पूर्वी रॉकेटच्या केंद्रांवर माणसं केरसुणी पुढे धरून चालायची. केरसुणी पेटली की कळायचं, आग इथे आहे. आता अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड डिटेक्टर असतात. गळती चालू असताना ही आग विझवायचीही नसते. आधी व्हॉल्व्ह बंद, नाहीतर न जळलेला वायू साठून मोठा भडका होतो. सवयीने पाणी मारायला धावणाऱ्या माणसाला हे उलटं शिकवायला महिने लागतात. वर्गातल्या स्लाइडवर ते शिकता येत नाही.

2035 चं म्हणाल तर एअरबसने 2020 मध्ये ते साल जाहीर केलं होतं आणि 2025 मध्ये बेत पुढे ढकलला. प्रवासी विमानांत बदल करून हायड्रोजनवर उडवणाऱ्या युनिव्हर्सल हायड्रोजन या अमेरिकन कंपनीने 2023 मध्ये चाचणी उड्डाण केलं आणि 2024 मध्ये गाशा गुंडाळला. विमान उडत नाही असं नाही. सोव्हिएत टीयू-155 द्रव हायड्रोजनवर 1988 मध्येच उडलं होतं. अडतं ते जमिनीवर. 1,000 लिटर जेट इंधनाइतकी ऊर्जा हवी तर साधारण 287 किलो हायड्रोजन लागतो. वजन कमी, पण द्रवरूपात तो 4,000 लिटर जागा घेतो. तेवढा पाण्यातून काढायला अंदाजे 15,000 युनिट वीज आणि द्रव करायला आणखी 3,000. म्हणजे आधी सबस्टेशन, मग टाक्या, मग नागपूरच्या पेसोकडून (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणारी केंद्राची संस्था) परवानगी, आणि सगळ्यात शेवटी नळी धरणारा माणूस. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी तर हवाई दलाची आहे, तिथे असल्या टाक्यांचा निर्णय एकटं नागरी विमानतळ घेऊ शकत नाही.

आणि डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं, विमान देखभाल अभियंत्याला जो एएमई परवाना देतं त्यात हायड्रोजन नावाची श्रेणीच नाही. मग या डिप्लोम्याची 'पहिली बॅच' कुठल्या कागदावर नोकरीला लागणार?

रस्ते नेहमीचेच आहेत : सायन्सवरून पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकल, किंवा सीईटीतून जे कॉलेज मिळेल ते. माझं मत विचाराल तर डिप्लोमा, कारण या मुलाचं डोकं हातातून चालतं. नंतर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाचं दार उघडं असतंच. सोबत टिग वेल्डिंगचा छोटा कोर्स. पुढे ओढ टिकली तर क्रायोजेनिक्समध्ये, म्हणजे अतिथंडीच्या तंत्रात, एम.टेक., खरगपूरच्या आयआयटीत त्याचं स्वतंत्र केंद्र आहे. देशात द्रव हायड्रोजन रोजच्या कामात हाताळणारी मोठी जागा म्हणजे इस्रो. तमिळनाडूत महेंद्रगिरीला क्रायोजेनिक इंजिनांच्या चाचण्या होतात. तिथल्या टेक्निशियन भरतीत फिटर आणि वेल्डरबरोबर रेफ्रिजरेशन-एसीच्या आयटीआयवाल्यांसाठीही याआधी जागा निघाली होती. हो, फ्रिजवाल्यांसाठी. पुण्यातच बघायचं तर हायड्रोजन फ्युएल सेलवरची (हायड्रोजनपासून वीज बनवून चालणारी) बस केपीआयटी ही पुण्याची कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी 2022 मध्ये इथेच उभी केली. तिथे वायू दाबाखाली असतो, द्रव नाही, पण गळतीची शिस्त तीच.

अतिथंड द्रव हाताळणं म्हणजे काय हे त्याला बघायचं असेल तर त्यालाही लाखो रुपये लागत नाहीत. जनावरांचं कृत्रिम रेतन करणारे गावोगावी दुचाकीला लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर बांधून फिरतात, उणे 196 अंशांचा. अशा एखाद्याबरोबर अर्धा दिवस घालवला तर हातमोजे सैल का घालायचे आणि झाकण घट्ट का लावायचं नाही, एवढं तरी पक्कं समजेल.

एफडी राहू द्या. या रविवारी दुकानात जा आणि सिस्टिमला व्हॅक्यूम मारताना त्याच्या शेजारी उभे राहा. पंप बंद केल्यावर मायक्रॉनचा आकडा पुन्हा वर चढतो. तो का चढला, लीकेजमुळे की ओलीमुळे, हे त्याला विचारा. लीकेज असेल तर आकडा चढतच जातो, ओल असेल तर थोडा चढून थांबतो. त्याने बरोबर सांगितलं, की सोमवारी त्या संस्थेला फोन लावा आणि हाच प्रश्न त्यांच्या सरांना विचारा.