धक्का आधी पेरावा लागतो

तुझी रिक्षावाल्याची कथा वाचली. भाषा ओघवती आहे, पण पंचवटीत रात्री दोन वाजता पांढऱ्या साडीतली बाई रिक्षात बसली, की ती कोण हे वाचक तिथंच ओळखतो. मग 'ती तर कधीच वारली' या शेवटच्या ओळीला तो जांभई देणार. साडी काढ. वेळ संध्याकाळची कर. उतरताना तिला जुन्या दराचं भाडं पुढे करू दे आणि रिक्षावाल्याला हुज्जत घालू दे.

म्हणजे खूण उघड्यावरच ठेवायची, फक्त तिला दुसरं काहीतरी काम द्यायचं. समज, गोदेला पूर आलाय. आपण नाशिककर पूर मोजतो नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून, पाणी कमरेला लागलं की छातीला याचीच चर्चा. दोन दिवस पाणी उतरलेलं नाही. गर्दीतली आजी एका पोराला म्हणते, "सकाळीच याच्या पायाशी दिवा लावून आले रे." वाचकाला वाटतं, म्हातारी विसरभोळी आहे. पोरगंही हसतं. तिला घरी सोडायला जातं. पाऊस थांबलेला, रस्ता कोरडा, आणि जिन्यावर तिच्या पावलांचे ओले ठसे. इथंच थांब! 'भूत' हा शब्दसुद्धा नको.

'ते सगळं स्वप्न होतं' हा शेवट तर करूच नकोस, वाचक चिडतो. (आणि ती तीन-तीन उद्गारचिन्हंही काढ.) कथा झाली की शेवटचं वाक्य झाकून वाच, अर्थ लागत असेल तर ते खोडून टाक.