घोरणाऱ्या मुलाची खोली बदलू नका

पत्राचा सारांश: मुलगा सात वर्षांचा आहे. वर्गात एका जागी बसत नाही, लेखन अर्धवट टाकतो, दुसऱ्याचं बोलणं संपू देत नाही. घरीही तसाच, पण मुलगे असतातच दंगेखोर. बाईंनी चार पालकांसमोर ‘एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांच्या विकाराची) तपासणी करून घ्या’ म्हटलं. फार अपमान वाटला. रात्री खूप घोरतो म्हणून त्याला सासूबाईंजवळ झोपवतो, त्यांना कमी ऐकू येतं. बाईंना काय उत्तर देऊ?

उत्तर: बाईंनी चारचौघांत बोलायला नको होतं. त्या विषयावर एवढंच.

मूल रोज घोरतं आणि त्याला नेमकं ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याजवळ निजवलं जातं, हे वाचून मला राग आला. त्याचा श्वास रात्री कसा चालतो, हे तुमच्या घरात आज कोणालाच माहीत नाही.

सर्दीत चार दिवस घोरणं वेगळं. सर्दी नसताना आठवड्यातल्या तीन किंवा अधिक रात्री मूल घोरत असेल तर तपासणी हवीच. या वयात घशातले टॉन्सिल आणि नाकामागचं ॲडेनॉइड (टॉन्सिलसारखाच मांसल भाग) बऱ्याचदा वाढलेलं असतं. झोपेत स्नायू सैल पडले की श्वासाची वाट अरुंद होते, मधूनमधून बंदही पडते. मग मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो, आणि हे रात्रभर चालतं. झोपमोड झालेला मोठा माणूस दिवसा पेंगतो. मूल मात्र अनेकदा उलट धावतं, चिडतं, कशातच टिकत नाही. वर्गात ते हुबेहूब एडीएचडीसारखं दिसतं.

आज रात्रीपासून त्याला तुमच्याजवळ घ्या. पहाटे जरूर उठून बघा, कारण त्या वेळच्या स्वप्नांच्या झोपेत अडथळा वाढतो. सदरा वर सरकवून, चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील असा दोन मिनिटांचा व्हिडिओ आवाजासकट काढा. तोंड उघडं आहे का? मान मागे टाकलेली? श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो? घोरणं मध्येच थांबून घुसमटल्यासारखा श्वास येतो? तो व्हिडिओ घेऊन याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. नुसता घसा बघून ‘टॉन्सिल ठीक आहेत’ म्हटलं तर परतू नका. ॲडेनॉइड तोंड उघडून दिसत नाही, त्याला दुर्बीण किंवा बाजूने काढलेला एक्स-रे लागतो. शंका उरली तर रात्रभराची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो हे यंत्रांनी मोजणारी तपासणी. त्रास सौम्य असेल तर काही आठवडे नाकात स्टेरॉइडचा स्प्रे देतात, जास्त असेल तर शस्त्रक्रिया करतात.

म्हणून एडीएचडीची तपासणी टाळायची नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. झोपेत श्वास अडणाऱ्या 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांचा एक मोठा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांची झोप आणि वागणूक सात महिन्यांनी सुधारली, पण लक्ष मोजणाऱ्या चाचणीत शस्त्रक्रिया न करता वाट पाहिलेल्या मुलांहून लक्षणीय फरक दिसला नाही. शिवाय एडीएचडीच्या निदानाला लक्षणं घर आणि शाळा दोन्हीकडे, किमान सहा महिने दिसावी लागतात, आणि ‘घरीही तसाच’ हे तुम्हीच लिहिलंय. एडीएचडीच्या औषधाचा विषय निघाला तर घोरण्याचं आधी सांगा. त्यातली काही औषधं झोप आणखी कमी करतात.

बाईंना उत्तर देऊ नका, मागणी करा: कोणत्या तासाला काय होतं, किती वेळ टिकतं, हे दोन आठवडे लिहून द्या म्हणावं. तपासणाऱ्या डॉक्टरांना तो कागद लागणारच आहे.