तेलाची बाटली आणि शुक्रवारची गोळी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. सकाळी मूठ न मिटणं, रात्री कूस बदलताना खांद्यातून निघणारी कळ, हे मला कुणी समजावून सांगायला नको. याच दुखण्यासोबत मी आयुष्याचा मोठा भाग काढला आहे. लॅव्हेंडरच्या तेलाने तुला शांत झोप लागते म्हणतेस, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते बंद करू नकोस. पण मेसेजच्या शेवटी, जाता जाता, 'मेथोट्रेक्सेट दोन शुक्रवार घेतलीच नाही' असं लिहिलंयस. संधिवाताची, आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

आपल्या या ऱ्हुमॅटॉइड संधिवातात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक जाणवते: दुखणं, आखडणं, थकवा. दुसरी जाणवत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावरच उलटते आणि ते सुजलेलं अस्तर हळूहळू कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, आणि हाड खात जातं. पुष्कळ जणांत ही झीज पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, आणि एकदा झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. मेथोट्रेक्सेट या न दिसणाऱ्या कामाला आवर घालते. तिचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, घेतल्यावर मळमळतं, त्यामुळे तिचा राग येतो हे खरं. तेलाचं उलट आहे. बाटली उघडली की पाच मिनिटांत बरं वाटतं. म्हणून तेल औषधापेक्षा गुणकारी वाटू लागतं, आणि इथेच फसगत होते.

सांधेदुखीला सुगंधी तेल चोळणं आपल्याकडे नवं नाही. खानदेशात रोशा गवताचं तेल काढायच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकात जोरात होत्या. ते रोशेल मुंबईमार्गे पार तुर्कस्तानापर्यंत जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. आपली माणसं मात्र ते दुखऱ्या गुडघ्यांना लावायची. त्यांना आराम पडत असणारच. चोळण्याची ऊब, कुणीतरी मायेने फिरवलेला हात, वासाने सैलावलेलं मन, यांतलं काहीच खोटं नाही. संधिवातावर सुगंधी तेलांच्या ज्या चाचण्या झाल्या त्या लहान आहेत. शिवाय वास लपवता येत नसल्याने कुणाला खरं तेल मिळालंय हे सगळ्यांना कळतं. तरी दुखणं थोडं हलकं होतं, झोप सुधारते, एवढं मानायला माझी हरकत नाही. सांध्यांची झीज थांबते असं मात्र कुणीही दाखवलेलं नाही.

तुला पेपरमिंटच्या कॅप्सूल घ्यायला सांगणाऱ्या त्या ताईंचं ऐकू नकोस. पेपरमिंट तेलाला पुरावा आहे, पण तो आतड्याच्या आयबीएस या विकाराला. त्यातलं मेंथॉल आतड्याचे आवळलेले स्नायू सैल करतं, आणि कॅप्सूलला असं आवरण असतं की ती जठरात न फुटता पुढे जाऊन फुटते. तुझ्या बोटांशी त्याचा संबंध नाही. आणि बाटलीतलं तेल पाण्यात टाकून पिणं तर कुठल्याच आजारात नको.

ज्याची मला खरी धास्ती वाटते ते म्हणजे गंधपुऱ्याचं तेल, बाटलीवर विंटरग्रीन असं लिहिलेलं. वेदनाशामक मलमांचा तो ओळखीचा वास. हे तेल जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचं भावंड. चमचाभर पोटात गेलं तर सुमारे वीस ॲस्पिरिन गिळल्यासारखं होतं. त्वचेतूनही ते रक्तात उतरतं. रक्त पातळ करायची वॉरफरिन घेणाऱ्यांना त्याने रक्तस्राव झाला आहे. सॅलिसिलेट्समुळे मूत्रपिंडातून मेथोट्रेक्सेट बाहेर पडायला अडथळा येतो, म्हणून ते रोज दोन्ही गुडघ्यांना थापणं तुझ्यासाठी नाही. तुमच्या घरात कुणाला फिट्स येत असतील तर नीलगिरी आणि कापूरही लांब ठेव. लहान मुलांच्या हाती तर यांतलं काहीच लागता कामा नये.

लॅव्हेंडर वापर, पण थेट बाटलीतून नको. दोन चमचे खोबरेल किंवा तिळाच्या तेलात चार थेंब पुरतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांब. बाटली काळपट काचेची असावी, घट्ट बंद आणि थंड जागी ठेवावी, कारण हवा लागून जुनं झालेलं लॅव्हेंडर त्वचेला ॲलर्जी आणतं. फार महाग, परदेशीच हवं असंही नाही. जम्मूतल्या भदरवाहला सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेमुळे आता लॅव्हेंडरची चांगली शेती होते. फक्त लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव आहे का ते बघ. नुसतं 'फ्रॅग्रन्स ऑइल' असेल तर ते अंगाला लावायचं नाही. आणि डिफ्युझर, म्हणजे खोलीत तेलाचा वास पसरवणारं यंत्र, लावशील तेव्हा खिडकी उघडी ठेव, मांजराला खोलीबाहेर जाऊ दे. मांजरांच्या यकृताला ही द्रव्यं नीट पचवता येत नाहीत.

सकाळी सांधे किती मिनिटं आखडलेले राहतात हे रोज वहीत लिही. तेल लावलेल्या रात्रींपुढे खूण कर. महिन्याने तुलाच कळेल, तेल झोपेला उपयोगी पडतंय की सांध्यांनाही.

चुकलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम जास्त घेऊ नकोस, आणि रोज तर कधीच नाही. ती आठवड्याची गोळी आहे, रोज घेतली तर जिवावर बेतते. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून दोन आठवडे राहिली हे सरळ सांग आणि ते म्हणतील तशी सुरू कर. मळमळीचंही सांग. फॉलिक ॲसिड वाढवणं, डोस बदलणं, गोळीऐवजी इंजेक्शन, त्यांच्याकडे बरेच मार्ग असतात. रक्ततपासणीला जाशील तेव्हा सगळ्या तेलाच्या बाटल्या पिशवीत घालून ने आणि त्यांच्यासमोर मांड. डॉक्टरांचा त्यात वेळ जाईल म्हणून संकोचू नकोस.

रिपोर्ट आले की मला पाठव. यकृताचे आकडे आणि अंगातली सूज दाखवणारा सीआरपी, दोन्ही.

तुझी,
मावशी