चबुतऱ्यावरचं इंजिन पुन्हा धावेल का?

प्रश्न : माझे आजोबा कुर्डुवाडीहून लातूरला 'बार्शी लाईट'नं यायचे. त्या गाडीचं एखादं जुनं इंजिन चबुतऱ्यावरून उतरवून कोळसा-पाणी घातलं, तर लातूरजवळ थोडंफार चालवता येणार नाही का? — एक वाचक, लातूर

उत्तर : रुळांचं आधी सांगून टाकतो. बार्शी लाईट अडीच फुटी, 762 मिलिमीटरची. 1911 साली लातूरला पोचली; आता तिथं ब्रॉडगेज. म्हणजे रूळ वेगळे टाकावे लागतील. पैसे असले तर तेही होईल. खरं दुखणं बॉयलरचं.

मी पूर्णेच्या शेडमध्ये बॉयलरवर होतो, मीटरगेजच्या. आपल्याकडचं पाणी जड. इंजिन वॉशआऊटला, म्हणजे बॉयलर आतून धुवायला, आलं की प्लग, म्हणजे बुचं, काढायचे, सळई घालून पांढरे पापुद्रे खरडायचे, घमेली भरायची. ते आत राहिले तर पत्र्यापर्यंत पाणी पोचत नाही, पत्रा तापून फुगतो. हे झालं चालत्या इंजिनाचं. उभ्या इंजिनाचं त्याहून वाईट. धूरपेटीतली, म्हणजे पुढे चिमणीखालच्या कप्प्यातली, राख बहुधा तशीच राहिलेली असते. चिमणीतून पाऊस आत गेला की राखेतल्या गंधकाचं आम्ल होतं आणि पत्रा खातं. वरून दर वर्षी काळा रंग. लोक म्हणतात, कसं ठणठणीत आहे! मी आधी हातोडीनं ठोकून आवाज ऐकेन.

तेव्हा खरंच मनावर घेतलंत, तर ट्यूबा, म्हणजे बॉयलरमधून धूर नेणाऱ्या नळ्या, काढा, पत्र्याची जाडी मोजा, फायरबॉक्सचे, म्हणजे भट्टीचे, पत्रे धरून ठेवणारे स्टे तपासा. मग बॉयलर गच्च पाण्यानं भरून रोजच्यापेक्षा जास्त दाब देऊन बघा. वाफेचा नव्हे, पाण्याचाच. पाण्यावर फुटलं तर गळतं. वाफेवर फुटलं तर माणसं जातात.

तुमच्या बार्शी लाईटची पहिली इंजिनं इंग्लंडातल्या लीड्सच्या किटसनची. फेअरी क्वीन हे जुनं वाफेचं इंजिन, तीही त्याच गावची, 1855 सालची, आणि 1997 मध्ये ती दिल्ली-अलवर पुन्हा धावली. हरियाणातल्या रेवाडीची जुनी शेड 1893 ची. तिथं वाफेची इंजिनं जपली आहेत ती शेड आणि हात दोन्ही राहिले म्हणून. आपल्याकडे हात म्हातारे झाले.

तोवर एक करा. इंजिन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना अर्ज द्या : चिमणीवर झाकण बसवा, धूरपेटीतली राख काढा. दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे. मला बोलवा, घमेलं मी घेऊन येतो.